काळ्या मातीत पाइल घेताना: आधी उचल मोजा, मग वजन

कोल्हापूरच्या पूर्वेकडे, हातकणंगले, जयसिंगपूर, शिरोळच्या काळ्या रानात बांधलेल्या बंगल्याला तडा गेला की निष्कर्ष ठरलेला असतो: घर खचलं. मग शेजारचा मालक आपल्या घराला फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पसरट पाया, जाड करून घेतो, कुणी दोन पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, वाढवतो, आणि दोन-तीन पावसाळ्यांत तिथंही खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघतो.

काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते. एक-दोन मजली घर तिच्या फुगण्याच्या जोरापुढं हलकं असतं. त्यामुळं पुष्कळदा घराचा कोपरा खाली गेलेला नसतो, तर दुसरा कोपरा वर उचलला गेलेला असतो. म्हणून पाइलनं वरच्या हलत्या मातीपासून सुटं राहायचं आणि खालच्या न हलणाऱ्या मातीला घट्ट धरायचं. पुढचा प्रत्येक टप्पा याच एका गोष्टीसाठी आहे. शेवटचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच करायचं आहे, पण त्याला काय विचारायचं आणि साईटवर काय पाहायचं हे मालकाला आणि मिस्त्रीला ठाऊक असायला हवं.

टप्पा १: पाइल लागते का, ते आधी ठरवा

प्लॉटच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांत चाचणी खड्डे किंवा बोअर घ्या. आपल्याकडं काळ्या मातीखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असतो, पण मातीची जाडी एका प्लॉटच्या आतसुद्धा मीटरभरानं बदलू शकते. नदीकडं ती वाढत जाते. पन्हाळा, शाहूवाडीकडच्या तांबड्या जांभ्या मातीचा अनुभव इथं लावू नका, ती माती वेगळी वागते.

काळी माती दीड-दोन मीटरच असेल आणि खाली कठीण मुरूम लागत असेल, तर पाइलचा विचार सोडा. सगळी काळी माती काढून मुरमावर साधं फुटिंग घ्या, ते स्वस्तही पडतं आणि निर्धोकही राहतं. दोन ते साडेतीन मीटरपर्यंत असेल, तर मुरमात रुतवलेली सरळ पाइल बरी. त्याहून खोल असेल, तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खालच्या टोकाजवळ काँक्रीटचा फुगीर गोळा असलेली, आपण जिला बल्बची पाइल म्हणतो, ती घ्या. हे आकडे माझ्या कामातले अंदाज आहेत. दोन्ही बाजूंना थोडं मागं-पुढं होतं.

सावधान: कठीण मुरमात बल्ब काढायचा हट्ट धरू नका. रीमरची, म्हणजे बल्बसाठी बोअर आतून रुंद करणाऱ्या अवजाराची, पाती तिथं पूर्ण उघडतच नाहीत. ड्रॉइंगवर बल्ब असतो, जमिनीत नसतो. बल्ब चिकट, दाबून बसलेल्या चिकणमातीतच नीट निघतो.

आणखी एक चूक आता फार वाढली आहे. एनए झालेल्या प्लॉटवर विकताना दोन-तीन फूट मुरूम पसरलेला असतो. वरून प्लॉट तांबडा, टणक दिसतो आणि मालकाला वाटतं आपली जमीन मुरमाड आहे. जुन्या उसाच्या रानात बुजवलेली विहीरही असू शकते. शेजारच्या शेतकऱ्याला आणि जुन्या मालकाला विचारा. ते एका वाक्यात जे सांगतील ते बोअरमध्ये सापडेलच असं नाही.

टप्पा २: मातीच्या कोणत्या चाचण्या मागायच्या

"माती परीक्षण करून द्या" एवढंच सांगितलं तर प्रयोगशाळा भार पेलण्याची क्षमता काढून देते. आपल्याला माती किती फुगते ते हवं आहे. म्हणून पत्रात चाचण्यांची नावं लिहून द्या.

पहिली चाचणी फ्री स्वेल इंडेक्सची, आयएस (भारतीय मानक) २७२० भाग ४०. चाळलेली १० ग्रॅम कोरडी माती एका मापनळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या मापनळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातलं आकारमान रॉकेलमधल्यापेक्षा किती टक्के जास्त, तो हा इंडेक्स. ५० च्या आत असेल तर फुगणं कमी, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० जास्त आणि २०० च्या वर फारच जास्त, असं आयएस १४९८ मधलं वर्गीकरण सांगतं.

दुसरी चाचणी फुगण्याच्या दाबाची, भाग ४१. पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे, आणि नेमकी तीच लोक खर्च वाचवायला गाळतात. तिसरी लिक्विड लिमिट आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्सची, म्हणजे किती ओलाव्याला माती पातळ होते आणि ओलाव्याच्या किती पट्ट्यात ती मळता येते, त्याची. चौथी मातीची चिकटण्याची ताकद, म्हणजे कोहिजन, आणि ती निरनिराळ्या खोलीवर. पाचवी प्रत्येक अर्ध्या मीटरवरचा ओलावा. तिला खर्च नगण्य येतो आणि पुढच्या टप्प्याला तीच उपयोगी पडते.

तपासा: फुगण्याच्या दाबासाठी नमुना न विस्कटता, नळीतून काढून मेण लावून बंद करून नेला आहे का? पिशवीत भरून नेलेल्या ढेकळांवर केलेली चाचणी जमिनीतल्या मातीचं खरं वागणं सांगत नाही.

टप्पा ३: हलता थर किती खोल

ऋतूप्रमाणे ज्या खोलीपर्यंत ओलावा कमी-जास्त होतो तो हलता थर. इंजिनिअर त्याला ॲक्टिव्ह झोन म्हणतात. मे महिन्याच्या शेवटी घेतलेल्या बोअरमध्ये खोलीनुसार ओलाव्याचा आलेख काढा. वर ओलावा कमी असतो, खाली वाढत जातो आणि एका खोलीनंतर स्थिर होतो. ती स्थिर होण्याची खोली हलत्या थराचा तळ धरता येते. मे महिन्यातल्या भेगांत सळई सोडून पाहिली तरी अंदाज येतो, पण भेगा खाली चिंचोळ्या होत जातात आणि सळई मध्येच अडते. म्हणून भेगेची खोली ही कमीत कमी समजा.

उसाच्या रानाचा प्रश्न वेगळा आहे. वर्षानुवर्षं पाणी पाजलेली माती आधीच फुगून बसलेली असते. बोअरमध्ये ओलावा वरपासून खालपर्यंत सारखाच दिसतो आणि वाटतं की इथं हालचालच नाही. पाट बंद झाला, घर झालं, फरशी पडली की तीच माती पुढची काही वर्षं वाळत, आकसत जाते. अशा ठिकाणी एकाच बोअरवर विसंबू नका. शेजारच्या कोरड्या, न पिकवलेल्या जागेतला आलेखही काढा आणि दोन्हीत खोल असेल तो धरा.

पंचगंगेच्या पूररेषेजवळचा प्लॉट असेल तर २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. पाणी तळाशी दिवसचे दिवस साचून राहिलं की एरवी न भिजणारी खोलीही भिजते. अशा ठिकाणी मी हलता थर अर्धा मीटर तरी वाढवून धरतो.

आयएस २९११ भाग ३ सांगतो की खोल काळ्या मातीत पाइल जमिनीपासून किमान ३.५ मीटर हवीच, बाकी हिशोब काहीही येवो. हा किमान आकडा आहे. तो डिझाइन म्हणून वापरायचा नसतो.

टप्पा ४: उचलीचा हिशोब

हा टप्पा सर्वांत जास्त चुकतो, कारण बहुतेक जण तक्त्यातून पाइलची भारक्षमता काढून मोकळे होतात. एक साधं उदाहरण घेऊ. हलका पोर्चचा खांब आहे, त्यावर घराचं कायमचं वजन फक्त ४० किलोन्यूटन येतं. दहा किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सोपं जाईल. पोर्च मुद्दाम घेतला, कारण पोर्च, जिना आणि कंपाउंडची भिंत हे हलके भाग आधी उचलले जातात.

पाइलचा व्यास ३०० मिमी, बल्ब ७५० मिमी म्हणजे अडीच पट, लांबी ४ मीटर, बल्बचा मध्य ३.४ मीटरवर. हलता थर २.५ मीटर. फुगण्याचा दाब चाचणीत २०० किलोपास्कल, म्हणजे दर चौरस मीटरला २०० किलोन्यूटन, आला.

पहिली पायरी, उचल. फुगणारी माती पाइलच्या अंगाला घासून तिला वर खेचते. ही खेच फुगण्याच्या दाबाच्या साधारण १५ टक्के धरतात, म्हणजे इथं ३० किलोपास्कल. पाइलचा घेर ०.९४ मीटर, त्याला २.५ मीटरनं गुणलं की अंगाचं क्षेत्रफळ २.३६ चौरस मीटर. गुणिले ३०, म्हणजे ७१ किलोन्यूटन. सात टन वर, आणि खांब चारच टनांचा.

दुसरी पायरी, धरून ठेवणारी ताकद. हलत्या थराच्या खालचीच माती मोजायची. तिथला कोहिजन ८० किलोपास्कल. बल्बचं कडं, म्हणजे बल्बच्या क्षेत्रफळातून पाइलचं क्षेत्रफळ वजा केलं की, ०.३७ चौरस मीटर. त्याला ९ (चिकणमातीसाठी धरायचा गुणक) आणि ८० नं गुणलं की २६७ किलोन्यूटन. बल्बच्या वरचं साधारण ०.६ मीटर अंग थोडं घर्षण देतं, ते १८. एकूण २८५, त्याला सुरक्षिततेसाठी ३ नं भागलं की ९५ किलोन्यूटन. ७१ च्या पुढं आहे. खांबाचं वजन शून्य धरलं तरी पाइल जागची हलणार नाही. हलक्या खांबांसाठी मी हीच अट लावतो.

तिसरी पायरी, खाली जाणारा भार. हलत्या थरातलं घर्षण इथं मोजायचं नाही, कारण उन्हाळ्यात माती पाइलपासून सुटलेली असते. बल्बचं कडं २६७, टोक ५१, घर्षण १८, बेरीज ३३६, भागिले २.५, म्हणजे १३४ किलोन्यूटन. तेरा टन, आणि भार चार टनांचा. भाराला मुबलक पुरते. म्हणजे या पाइलची लांबी ठरवली ती उचलीनं.

या हिशोबातून लोकांच्या दोन आवडत्या उपायांचं काय होतं ते पाहा. व्यास वाढवला की घेर वाढतो आणि उचलही वाढते. पाइलची संख्या वाढवली की प्रत्येकीवरचं वजन घटतं आणि ती उचलली जायला आणखी सोपी होते. काळ्या मातीत कमी पाइल घ्या, बारीक घ्या, लांब घ्या आणि प्रत्येकीवर जास्तीत जास्त वजन येईल अशी खांबांची मांडणी करा.

उचल फारच जास्त येत असेल तर वरच्या हलत्या थरात पाइलभोवती जाड प्लास्टिकचे दोन थर द्या, म्हणजे माती त्या थरांवरून घसरेल. पाइलभोवती वाळू मात्र भरू नका. वाळू पाणी साठवते आणि ते थेट खोल मातीत नेऊन सोडते.

तपासा: बल्बचा मध्य बल्बच्या व्यासाच्या किमान दुप्पट खोल आहे का, आणि अख्खा बल्ब हलत्या थराच्या खाली आहे का? दोन पाइलमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत, बल्बच्या व्यासाच्या दुपटीहून कमी नको.

टप्पा ५: सळई पूर्ण लांबीची

वरून माती खेचते आणि खालून बल्ब धरतो, म्हणजे मधली पाइल ताणात असते. काँक्रीट ताण घेत नाही. तरीही सळयांचा पिंजरा वरच्या दोन मीटरपुरता बांधून बाकी नुसतं काँक्रीट ओतलेल्या पाइल आजही होतात. त्या हलत्या थराच्या आसपास आडव्या तुटतात आणि वरून काहीच दिसत नाही.

आपल्या उदाहरणात ७१ ला सुरक्षिततेसाठी १.५ नं गुणलं की १०६.५ किलोन्यूटन. फे ५०० दर्जाच्या सळईला साधारण २४५ चौरस मिमी लागतात. पाइलच्या छेदाच्या ०.४ टक्के हा किमान आकडा २८३ येतो, म्हणून तो धरायचा. १२ मिमीच्या चार सळया ४५२ देतात, पुरतात. त्या टोकापर्यंत न्या, बल्बमधून पार, आणि वर बीममध्ये पूर्ण जोडलांबीनं अडकवा. कव्हर, म्हणजे सळईवरचं काँक्रीट, ४० मिमीपेक्षा कमी नको, ओल कायम राहणाऱ्या जागी जास्त. कव्हर ब्लॉक बांधल्याशिवाय पिंजरा बोअरमध्ये उतरवू देऊ नका, नाहीतर तो एका बाजूला मातीला टेकतो.

टप्पा ६: बीमखाली पोकळी

पाइल कितीही उत्तम असू दे, प्लिंथ बीम, म्हणजे पाइलना जोडणारा जोत्याचा बीम, जमिनीवर टेकवून ओतला तर सगळं वाया गेलं. माती बीमलाच वर ढकलते. आयएस २९११ प्रमाणं फुगणाऱ्या मातीत बीमखाली किमान ८० मिमी मोकळी जागा हवी. फ्री स्वेल इंडेक्स १०० च्या वर असेल तर मी १०० ते १५० मिमी ठेवतो.

पोकळी करायची सोपी रीत अशी. पाइलच्या मधे कोरड्या वाळूचा तेवढा थर घालून सपाट करा, त्यावर प्लास्टिक अंथरून बीम ओता, आणि चौदा दिवसांनी, भिंत चढवण्याआधी, बाजूनं वाळू पूर्ण काढा. बाहेरच्या बीमला बाहेरून ७५ मिमी जाडीची कड ८० मिमी जमिनीत उतरवा, म्हणजे माती परत आत ढासळत नाही आणि उंदीरही शिरत नाहीत.

मी हातकणंगल्याकडच्या एका घराचं जोतं उघडून पाहिलं, तेव्हा पाइल आणि पिंजरा दोन्ही ठीक होते. वाळू मात्र काढलेलीच नव्हती. "काय होत न्हाई साहेब, घट्ट जमीन हाय," असं म्हणून ती तशीच ठेवली होती. दोन पावसाळ्यांत वाळूत पाणी भरलं, खालची माती फुगली आणि बीम वर आला. तिथं चूक एका दुपारच्या कामाची होती.

तपासा: भिंत सुरू होण्याआधी प्रत्येक बीमखालून फुटपट्टी या बाजूनं घालून त्या बाजूनं काढा. अडली तर काम थांबवा.

घराच्या आतली जमीनही विसरू नका. जोत्याच्या आतली काळी माती निदान ६० सेंमी, जमल्यास मीटरभर काढा आणि मुरूम १५ ते २० सेंमीच्या थरांत पाणी मारून, धुम्मस करून भरा. फरशी भिंतीला चिकटवू नका, कडेला फट ठेवा. आतल्या पडद्या भिंतीही फरशीवर उभ्या न करता बीमवरच घ्या.

टप्पा ७: बोअर आणि काँक्रीट

काम नोव्हेंबर ते मे या काळात करा. जूनमध्ये पाऊस लागल्यावर उघड्या बोअरच्या कडा मऊ होतात आणि तळाशी चिखल साचतो.

बोअर पाडल्यावर रीमर उतरवा. बल्ब पूर्ण झाला की नाही हे दोन गोष्टींवरून कळतं: रीमरची दांडी ठरलेल्या अंतराएवढी खाली गेलेली असते, आणि बादलीत नवी माती येणं थांबतं. यातली एकच झाली असेल तर फिरवत राहा. मग तळातली सुटी माती काढा. टेप सोडून खोली मोजा आणि काँक्रीटच्या लगेच आधी पुन्हा मोजा. दोन मापांत फरक आला तर तळाशी माती पडली आहे.

बोअर, पिंजरा आणि काँक्रीट एकाच दिवशी. रात्रभर उघडा राहिलेला बोअर दुसऱ्या दिवशी पुन्हा साफ केल्याशिवाय भरू नका. काँक्रीट एम २५ दर्जाचं, स्लम्प (काँक्रीट किती पातळ आहे त्याचं माप) कोरड्या बोअरला १०० ते १५० मिमी. पाणी असेल तर ट्रेमी पाइपनंच, म्हणजे तळापर्यंत सोडलेल्या नळीतूनच, १५० ते २०० मिमी स्लम्प ठेवून, आणि पाइपचं तोंड सतत काँक्रीटमध्ये बुडालेलं. पाणी भरलेल्या बोअरमध्ये घमेल्यानं काँक्रीट टाकलं तर सिमेंट धुऊन जातं आणि खाली खडी-वाळू उरते. शेजारचा बोअर २४ तासांनी घ्या.

सावधान: पाइलच्या डोक्याशी काँक्रीट सांडून छत्री होते. बोअरचं तोंड ढासळलेलं असतं, मिस्त्री ते भरून टाकतो आणि वरचा भाग भोपळ्यासारखा फुगतो. ती छत्री म्हणजे मातीला खालून धक्का मारायला दिलेला हात आहे. वरच्या अर्ध्या मीटरला पत्र्याचा नळा बसवा, व्यास ड्रॉइंगएवढाच ठेवा, आणि छत्री झालीच तर काँक्रीट ओलं असतानाच छाटा.

मोठ्या इमारतीला लोड टेस्ट करायची असते, तिथं कामातल्या पाइलवर डिझाइन भाराच्या दीडपट भार देतात. बंगल्याला ती परवडत नाही. निदान प्रत्येक पाइलची खोली, बल्ब काढायला लागलेला वेळ आणि काँक्रीटला लागलेल्या सिमेंटच्या पिशव्या यांची नोंद वहीत ठेवा. हिशोबाच्या आकारमानापेक्षा काँक्रीट कमी गेलं असेल, तर बल्ब झालेला नाही किंवा बोअर मध्येच ढासळला आहे.

टप्पा ८: पाणी घरापासून लांब

पाइल बरोबर झाली तरी एका कोपऱ्याला सतत पाणी मुरत राहिलं तर तिथला हलता थर खोल जातो आणि हिशोब बदलतो. पन्हळीचं पाणी पाइपानं गटारापर्यंत न्या, जोत्याशी सोडू नका. घराभोवती दीड मीटर रुंद, बाहेर उतार असलेला कोबा करा. सेप्टिक टँक आणि शोषखड्डा जोत्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या. निलगिरीसारखी पाणी ओढणारी झाडं त्यांच्या पूर्ण वाढीच्या उंचीएवढ्या अंतराच्या आत लावू नका, ती एका बाजूची माती वाळवतात. फुलझाडांचे वाफेही भिंतीला लागून नकोत.

घर झाल्यावर जोत्याच्या चारही कोपऱ्यांवर खिळ्यानं खुणा करा. दरवर्षी मे अखेरीला आणि ऑक्टोबरमध्ये पारदर्शक नळीतल्या पाण्याच्या पातळीनं त्यांची उंची मोजा आणि भिंतीवरच्या तड्याशेजारी पेन्सिलनं तारीख लिहा. पावसाळ्यात रुंद होणारा आणि उन्हाळ्यात मिटणारा तडा दिसला, तर प्लास्टरवाल्याला बोलावण्याआधी बीमखालची पोकळी आणि पन्हळीचा पाइप पाहा.